पोकळ झाडाची वस्ती

बऱ्हाणपूरचे नाव काढले की आपल्या माणसांना तापीचे घाट आठवतात, मुमताज बेगमेने जेथे प्राण सोडला तो शाही किल्ला आठवतो, जमिनीच्या पोटातून पाणी आणणारा कुंडी भंडारा आठवतो, आणि खवय्यांना माव्याची जिलबी आठवते. अलीकडे केळीच्या मालमोटारीही आठवू लागल्या आहेत. परंतु याच जिल्ह्याच्या कडेला, महाराष्ट्राच्या हद्दीला खांदा लावून, खकनार तहसिलीत देडतलाई नावाचे एक गाव आहे. ते मुद्दाम पाहायला कोणी जात नाही. धारणीकडे जाणारी बस तेथे थांबते, उतारू चहा घेतात, आणि पुढच्या मेळघाटाच्या गोष्टी करीत निघून जातात. माझ्या दृष्टीने मात्र त्या गावाशी आमच्या घराचे एक जुने देणे होते. ते फेडले गेले की नाही हे वाचकांनीच ठरवावे.

माझे वडील एका लाकूड ठेकेदाराकडे हिशेबनीस होते. १९६०-७० च्या त्या दशकात निमाडच्या रानांतून सालई आणि बांबू नेपानगरच्या कागद कारखान्याकडे जात असे. आपल्या देशातला वर्तमानपत्री कागदाचा तो पहिला कारखाना. १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले होते. आम्ही सकाळी चहाबरोबर जे वर्तमानपत्र वाचत होतो त्यात सातपुड्यातली सालई होती, हे त्या वयात मला ठाऊक नव्हते. नाताळच्या सुटीत वडील मला कधीकधी देडतलाईच्या डेऱ्यावर घेऊन जात. दिवसभर ते वही घेऊन झाडांमधून हिंडत आणि मी त्यांच्या मागे. कोणते झाड सरळ, कोणते वाकडे, कोणते किडके, याची नोंद होत असे. ज्या झाडाला ढोली असे त्याच्यापुढे एकच शब्द पडे : ‘पोकळ’. पोकळ झाडाला किंमत नव्हती. ते सरपणात जाई.

अशाच एका सकाळी एक पोकळ रोहन पाडला गेला. खोड मध्येच फुटले आणि ढोलीच्या तळाशी दोन पांढरी, गोलसर अंडी फुटलेली दिसली. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. मला अंड्यांपेक्षा समोरच्या निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर बसलेला पक्षी अधिक आठवतो. लहानसे घुबड होते ते. पण घुबडाने करावे तसे ते अंधारात दडले नाही. लख्ख उन्हात, आम्हा सर्वांच्या देखत, शेपटी डावीउजवीकडे झटकीत ते दुपारपर्यंत तेथेच बसून राहिले. मजुरांपैकी कोणी म्हणाले, पिंगळा आहे, अपशकुन होईल. वडील काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी डेऱ्यावर कंदिलापाशी बसल्यावर मात्र स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. याच्या डोक्यावर एकही नव्हता.”

ही गोष्ट मी विसरून गेलो होतो. पुढे १९९७ साल उजाडले, आणि पक्षिशास्त्राच्या जगात एक मोठी बातमी झाली. ती कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१८७२ साली एफ. आर. ब्लूविट नावाच्या इंग्रज गृहस्थांनी आजच्या छत्तीसगडातील बसना-फुलझरच्या रानात एक लहान घुबड मिळविले. पुढच्याच वर्षी ॲलन ह्यूम यांनी, म्हणजे काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्याच ह्यूम यांनी, त्याचे शास्त्रीय वर्णन करून त्याला ब्लूविट यांचे नाव दिले. मराठीत आपण त्याला वनपिंगळा किंवा रानपिंगळा म्हणतो. पुढे खानदेशात अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा-तळोदा भागात त्याचे आणखी नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणाच्या हाती लागला नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून मोजून सात कातडी, एवढाच त्याचा पुरावा उरला. १९७०-८० च्या दशकांत सालीम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या दिग्गजांनी त्याचा शोध घेतला. तो सापडला नाही. बहुतेकांनी त्याला नामशेष मानले.

या शोधात एक विचित्र अडथळा होता, आणि तो माणसाच्या अप्रामाणिकपणाचा होता. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित ब्रिटिश संग्राहकाने, आपण १९१४ साली तापीकाठच्या मांडवी येथे हा पक्षी मारला, असे लिहून ठेवले होते. त्या चिठ्ठीवर विसंबून लोक तेथे शोधत राहिले. अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला तेव्हा उघडकीस आले की तो मुळात डेव्हिडसन यांचाच होता. कर्नलसाहेबांनी लंडनच्या संग्रहालयातून तो लांबविला, पुन्हा भरला आणि त्यावर आपली चिठ्ठी लावली. खोटी चिठ्ठी बाजूला झाल्यावर रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे डेव्हिडसनच्या खऱ्या ठिकाणांकडे वळले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळच्या रानात, एका निष्पर्ण झाडावर, उघड्यावर बसलेला वनपिंगळा त्यांना दिसला. एकशे तेरा वर्षांनी!

वर्तमानपत्रात ही बातमी आली तेव्हा वडील हयात होते. डोळ्यांवरचा चष्मा सावरून त्यांनी ती दोनदा वाचली. मग म्हणाले, “हा पक्षी मी पाहिला आहे बहुतेक. देडतलाईला.” मी हसलो. जे सालीम अलींना सापडले नाही ते ठेकेदाराच्या हिशेबनिसाला कसे सापडेल, असे काहीसे बोलूनही गेलो. ते गप्प बसले. नंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही. त्यानंतर अवघ्या काही वर्षांतच अभ्यासकांनी केलेल्या पाहण्यांत वनपिंगळा मेळघाटात सापडला, यावलला सापडला, आणि बऱ्हाणपूर व खकनारच्या वनक्षेत्रांतही सापडला. खकनार! ती नोंद माझ्या वाचनात आली तेव्हा वडील नव्हते.

गेल्या हिवाळ्यात माझी भाची मेलबर्नहून आली होती. तिला ही सारी हकिकत सांगितली तेव्हा ती म्हणाली, “मामा, अगदी अशीच गोष्ट आमच्याकडे आहे. पण तिथे पक्षी नाही, पॉसम आहे.”

पॉसम म्हणजे कांगारूच्या गोतातला, पोटाच्या पिशवीत पिलू वाढविणारा, झाडांवर राहणारा प्राणी. तिने सांगितला तो लेडबीटरचा पॉसम. वजन जेमतेम सव्वाशे-दीडशे ग्रॅम, राखाडी अंगावर गडद पट्टा, आणि टोकाकडे रुंद होत गेलेली झुबकेदार शेपटी. १८६७ साली शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली. १९०९ नंतर तो दिसला नाही. १९३९ च्या भयंकर वणव्यात व्हिक्टोरिया प्रांतातली रानेच्या राने जळाली तेव्हा तो संपला असे धरले गेले. आणि १९६१ च्या एप्रिलमध्ये एरिक विल्किन्सन या तरुण निसर्गप्रेमीला तो मेरीझविलजवळच्या रानात रात्री दिव्याच्या झोतात जिवंत दिसला. दहा वर्षांनी, १९७१ साली, त्या प्रांताने त्याला आपले मानचिन्ह केले.

या प्राण्याचे सारे जीवन ढोलीभोवती फिरते. माउंटन ॲश नावाचे निलगिरीच्या जातीचे अतिउंच वृक्ष तेथे आहेत. त्यांच्या जुन्या खोडांच्या ढोलीत सालीचे धागे अंथरून हे पॉसम एकत्र कुटुंबासारखे राहतात. कधी दहा-बाराजण एका घरात. घराची सत्ता मादीकडे असते. दिवसभर झोप आणि रात्री बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक, किडे असा आहार. पण माउंटन ॲशला राहण्याजोगी ढोली पडायला दीडशे वर्षांहून अधिक काळ लागतो. झाड तोडून नवे लावले तरी पॉसमच्या कित्येक पिढ्यांना घर मिळत नाही. लाकूडतोड आणि २००९ चे वणवे यांनी त्याची पुरती कोंडी केली. अखेर १ जानेवारी २०२४ पासून व्हिक्टोरियाने आपल्या सरकारी नैसर्गिक जंगलांतली व्यापारी तोड बंद केली.

“आजोबांच्या वहीतलं ‘पोकळ’ झाड म्हणजे तेच ना, मामा?” तिने विचारले. मी निरुत्तर झालो. दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघे देडतलाईच्या बसमध्ये होतो.

बऱ्हाणपूर सोडले की काही वेळ केळीच्या बागा, ऊस आणि कपाशी सोबत करतात. पुढे जमीन उठू लागते, माती तांबूस-करडी होते आणि सातपुड्याच्या सोंडा जवळ येतात. बसमधली भाषाही बदलत जाते. चढताना निमाडी आणि खानदेशी वळणाची मराठी कानी पडत होती. पुढे वऱ्हाडी हेल आला, आणि देडतलाई जवळ येताच कोरकू. ही भाषा आपल्या भोवतीच्या कोणत्याच भाषेच्या नात्यातली नाही. तिचे सोयरे छोटा नागपूरच्या मुंडा-संथाळांकडे आहेत. इतक्या दूर पश्चिमेला येऊन ती टिकून राहिली, हेही एक नवलच.

गावात वनखात्याकडे आयुष्यभर राबलेले एक कोरकू गृहस्थ भेटले. सारे त्यांना दादा म्हणत. आम्हीही म्हणू लागलो. वनपिंगळ्याचे नाव काढताच ते म्हणाले, “साहेब लोकांना तो हरवला होता. आम्हाला कुठे हरवला होता? आम्हाला कोणी विचारलंच नाही.” हे त्यांनी कुत्सितपणे म्हटले नाही; पाऊस पडला असे सांगावे तसे सांगितले. मला मात्र वडिलांपुढचे माझे हसणे आठवले.

पहाटे आम्ही निघालो. पौषातली थंडी होती. सागाची पाने अर्धीअधिक गळलेली, पायाखाली पापडासारखी मोडत होती. मध्येच पांढुरक्या, सोलीव अंगाची सालई, धावडा, मोई, तेंदू, मोहा, लेंडिया. हे काही काळोखे घनदाट अरण्य नव्हे. विरळ, उघडे, उन्हाला आत येऊ देणारे रान. वनपिंगळ्याला असेच रान लागते. तो दिवसा, विशेषतः सकाळच्या आणि संध्याकाळच्या वेळी शिकार करतो. उंच उघड्या फांदीवर बसून खालच्या गवतात सरडे, सापसुरळ्या, उंदीर, नाकतोडे हेरायचे आणि झेप घ्यायची. झाडी फार दाट झाली तर त्याला भक्ष्य दिसणार नाही. झाडे गेली तर बसायला आणि राहायला जागा नाही. त्या दोहोंच्या मधल्या अरुंद वाटेवर त्याचा संसार आहे.

वाटेत दादांनी एका जुन्या खोडाची ढोली दाखविली. “पहिलं भोक सुतार पाडतो,” ते म्हणाले. सुतारपक्षी आणि तांबट आपल्या चोचीने खोदतात, घर करतात आणि पुढच्या हंगामात सोडून जातात. फांदी मोडते, पाणी मुरते, लाकूड कुजते आणि भोक रुंदावते. मग पोपट, मैना, पिंगळे, घोरपडी, मधमाश्या अशी भाडेकऱ्यांची रांग लागते. येथून जवळच असलेल्या मेळघाटात उडती खारही अशाच ढोल्यांत दिवस काढते. अंधार पडला की पुढच्या-मागच्या पायांमधली कातडी ताणून ती या झाडावरून त्या झाडावर तरंगत जाते. ऑस्ट्रेलियातही काही पॉसम हुबेहूब असेच तरंगतात, असे भाची म्हणाली. दोघांचे रक्ताचे नाते नाही. गरज सारखी, म्हणून युक्ती सारखी. वनपिंगळा स्वतः ढोली खोदत नाही. तो पूर्णपणे दुसऱ्याच्या सोडलेल्या घरावर अवलंबून असतो. साधारण ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत त्याचा विणीचा हंगाम चालतो. मादी बहुधा एक-दोनच अंडी घालते, महिनाभर उबविते, आणि तेवढा काळ नर तिला खाऊ आणून देतो.

आठ वाजायच्या सुमारास दादा थबकले. दूरवरून एक छोटी, मऊ, शीळेसारखी हाक आली. त्यांनी बोट दाखविले. निष्पर्ण मोईच्या शेंड्यावर, कोवळ्या उन्हात, वीतभर उंचीची एक ठेंगणी आकृती बसली होती. दुर्बिणीतून पाहिले. डोके मोठे, चोच दणकट, डोळे पिवळेजर्द. पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले, जणू लोकरीचे पायमोजे. पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. आणि डोके? करडे-तपकिरी, एकरंगी. ठिपका नाही.

त्याने शेपटी झटकली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

भाचीने माझा दंड धरला. मला काही बोलता येईना. थोड्या वेळाने तो खाली झेपावला, चोचीत सरडा घेऊन वर आला आणि पलीकडच्या एका जाड खोडाकडे गेला. ढोलीच्या तोंडाशी क्षणभर दुसरे डोके दिसले आणि आत गेले. “आता पुढे नको,” दादा हलक्या आवाजात म्हणाले. आम्ही तेथूनच मागे फिरलो.

परतीच्या वाटेवर त्यांनी आम्हाला आणखी एक गोष्ट दाखविली. टेकडीची एक संपूर्ण कूस उघडी पडली होती. हातभर उंचीची खुंटे, काही काळवंडलेली, आणि त्यांच्यामध्ये पेरणीच्या रेघा. २०२२-२३ च्या सुमारास नेपानगरकडच्या जंगलात मोठ्या प्रमाणावर अवैध तोड आणि अतिक्रमण झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या असतील. प्रकरण पोलीस ठाण्यावरील हल्ल्यापर्यंत गेले होते. या प्रश्नाला एकच बाजू नाही. ज्यांच्या पिढ्या या रानात गेल्या त्यांचा हक्क २००६ च्या वनाधिकार कायद्याने मान्य केला आहे, आणि तो न्याय्यच आहे. त्या हक्काच्या आडोशाने नवे रान साफ करणारेही आहेत. आणि ज्याला खरोखरच शेत नाही असा माणूसही त्यांतच आहे. दादा म्हणाले, “जंगल तुटलं तर बदनाम आम्ही. मोहा, तेंदू गेला तर उपाशीही आम्हीच.” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. आमच्याच घरातल्या वहीने कधीकाळी झाडे मोजली होती. मी कोणत्या तोंडाने बोलणार?

पूर्वी वनखात्याचीही समजूत अशीच होती की किडके, पोकळ झाड काढून टाकले म्हणजे रान सुधारते. आज अभ्यासक सांगतात की रानातले सर्वांत मोलाचे झाड कदाचित तेच असेल. कारखान्यानेही सालई-बांबू सोडून पुढे रद्दी कागदाची वाट धरली. वनपिंगळ्याला आपल्या कायद्याने सर्वोच्च संरक्षण दिले आहे. तो नंतर मुंबईजवळच्या तानसाच्या रानात २०१४ साली आढळला, गुजरातेतही आढळला. म्हणून जागतिक यादीत २०१८ साली त्याचे स्थान ‘अतिसंकटग्रस्त’ वरून ‘संकटग्रस्त’ असे एक पायरी सुधारले. तरीही साऱ्या जगात त्याचे प्रौढ पक्षी हजाराच्या आतच असावेत असा अंदाज आहे. आणि हे सारे जग म्हणजे आपला मध्य-पश्चिम भारत. त्यातही तापीच्या दोन्ही अंगांचा सातपुडा हे त्याचे माहेर. या पाखराला दुसरा देश नाही.

त्याच्या वाट्याला आपल्या समजुतीही आल्या आहेत. पहाटे कंदील घेऊन दारी येणाऱ्या पिंगळा जोश्याला आपल्या आजीने सूपभर धान्य घातले, कारण त्याला पिंगळ्याची भाषा कळते अशी श्रद्धा होती. आणि तोच पिंगळा घराजवळ ओरडला की त्याला दगड मारण्यासही आपण कमी केले नाही. जादूटोण्यासाठी घुबडे मारण्याचे प्रकार अजूनही थांबलेले नाहीत. निदान आपल्या घरातल्या मुलांना तरी हे पाखरू अशुभ नव्हे, शेतातले उंदीर खाणारे गरीब शेजारी आहे, एवढे आपण सांगू शकतो.

घरी आल्यावर मी माळ्यावरची वडिलांची ट्रंक काढली. चार वह्यांना वाळवी लागली होती. दोन शाबूत होत्या. शाईची अक्षरे फिकट झालेली. साग, सरळ. सालई, सरळ. धावडा, वाकडा. रोहन, पोकळ. कितीतरी पाने अशीच. दुसऱ्या वहीत, मधल्या एका पानापासून, मला एक बदल दिसला. ‘पोकळ’ या शब्दापुढे आणखी एक शब्द येऊ लागला होता. भाचीने तो मोठ्याने वाचला : “रोहन, पोकळ, सोडला. सालई, पोकळ, सोडली.” शेवटच्या पानापर्यंत तसेच.

तो पक्षी वनपिंगळाच होता याचा पुरावा त्या वहीत नाही. पक्ष्याचे नावही कोठे नाही. ठेकेदाराला काय सांगून त्यांनी ती झाडे राखली असतील, तेही लिहिलेले नाही. भाचीने दोन्ही वह्या कापडात बांधल्या आणि म्हणाली, “मामा, एक मी नेऊ?” मी तिला दुसरी दिली.